ट्राम्याचा पट्टा

नर्मदा गेली त्या दिवशी रामकिसन पहिल्या पाळीवर होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या रंगाच्या कारखान्यात मोबाईल आत नेऊ देत नाहीत. सगळ्यांचे फोन गेटवरच्या खणात ठेवलेले असतात. त्यामुळे पालघरहून फोनवर फोन येत होते तेव्हा रामकिसन आत फिल्टरचं कापड बदलत उभा होता. शेवटी खणात सारखा वाजणारा फोन गेटवरच्या एकाने उचलला. मग कोणीतरी आत येऊन म्हणालं, "ढगेकाका, हात धुऊन घ्या. घरून फोन आहे."

घरून फोन करणारी एकच बाई होती. त्याला वाटलं, गॅस संपला असेल.

पालघरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नर्मदा रिक्षा स्टँडवर उभी असताना खाली बसली आणि उठलीच नाही, असं तिला दवाखान्यात आणणाऱ्या माणसाने सांगितलं. ती पालघरला आली होती हेच रामकिसनला माहीत नव्हतं. नर्सने तिची पिशवी त्याच्या हातात दिली. चष्मा, छोटी पर्स, चुरा झालेला बिस्किटाचा पुडा. आणि दुकानाच्या कागदात गुंडाळलेला पिवळा पट्टा, कुत्र्याच्या गळ्यात घालायचा, नवाकोरा.

पट्टा पाहून रामकिसनला राग आला. बायको गेल्याच्या दिवशी त्याला पहिला राग आला तो कुत्र्याचा.

त्या कुत्र्याचं नाव ट्राम्या. हे नाव ठेवण्यामागे व्हिएन्ना होतं. रामकिसनची मुलगी दीपिका लग्न होऊन तिकडे गेली, आणि तिच्या बाळंतपणाला नर्मदा तीन महिने तिच्याकडे राहून आली. परभणीकडच्या खेड्यातून निघून बोईसरला आलेली बाई, तिथून थेट विमानात. परत आली तेव्हा मोठाली चर्च, बर्फ, राजवाडे यातलं काही सांगेना. सांगायची ते कुत्र्यांचं.

"अहो, तिथं ट्राममधी कुत्रं बसतं. अर्धं तिकीट काढतात त्याचं."

"आणि चावलं म्हणजे?"

"तोंडाला जाळी असती. आणि लोक तुमच्यासारखं बघत नाहीत त्याच्याकडं. मग ते कशाला चावंल?"

हॉटेलात टेबलाखाली कुत्रं निवांत पडलेलं असतं, वेटर येतो आणि माणसांना काय हवं ते विचारायच्या आधी कुत्र्यापुढे पाण्याचं भांडं ठेवतो, हे तर तिने अख्ख्या सोसायटीला सांगून झालं होतं. "आधी पाणी," ती म्हणायची. "बाकी मग."

तेव्हाच कधीतरी सोसायटीबाहेरच्या रिक्षा स्टँडवर एक तपकिरी पिल्लू आलं. थांबलेल्या कोणत्याही रिक्षात ते उडी मारून मागच्या सीटवर बसायचं आणि रिक्षावाले शिव्या देत त्याला खाली काढायचे. नर्मदाला हसू आवरेना. "ह्याला ट्राम पाहिजे," ती म्हणाली, आणि ट्राम्या झाला. तो तिच्यामागे पहिल्या मजल्यापर्यंत जिना चढून यायला लागला. दाराबाहेर तिने ॲल्युमिनियमचं एक भांडं ठेवलं आणि ते कधी कोरडं पडू दिलं नाही.

सोसायटीत सगळ्यांना ते आवडलं असं नाही. सेक्रेटरी कमलेश राऊत पूर्वी मस्कतला नोकरीला होता. मीटिंगमध्ये तो म्हणाला, "काकी, मी बाहेरचा देश बघितलाय. तिथे बागेत कुत्रं आणलं तर लोक उठून जातात. जिन्यात तर नावच नको."

"मग तुम्ही मस्कतातच राहायचं की हो," नर्मदा म्हणाली. "आमच्या बोईसरात कशाला आलात?"

सगळे हसले, कमलेशसुद्धा हसला, पण दुसऱ्या दिवशी खाली पाटी लागली की भटक्या कुत्र्यांना आवारात खायला घालू नये. पाण्याचं पाटीत काही नव्हतं, म्हणून नर्मदा पाणी ठेवत राहिली आणि भाकरी गेटबाहेर जाऊन घालत राहिली.

रामकिसन या सगळ्यातून बाजूला राहिला. त्याचं कारण घरात दोघांनाच माहीत होतं. लहानपणी गावी त्याला आणि त्याच्या चुलतभावाला एकाच पिसाळलेल्या कुत्र्याने चावलं होतं. रामकिसनच्या बेंबीभोवती इंजेक्शनं दिली. चुलतभावाचं नुसतं खरचटलंय म्हणून त्याला मांत्रिकाकडे नेलं. पुढे त्या पोराला गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडावं लागलं. पाण्याचा तांब्या दाखवला की तो ओरडायचा. ते ओरडणं ऐकलेला माणूस कुत्र्याशेजारून सहज चालत जाऊ शकत नाही. रामकिसन आता साठीला आला होता, तरी रस्त्यात कुत्रं दिसलं की तो पलीकडच्या बाजूला जायचा. ट्राम्या दारात असला की नर्मदा आधी बाहेर यायची, कुत्र्याला मानेला धरायची आणि म्हणायची, "जावा आता. धरलंय मी."

आता धरणारं कोणी नव्हतं.

दिवस-कार्य झालं. दीपिका आली आणि रडून परत गेली. नात लहान होती, तिला राहून चालणार नव्हतं. पाहुणे गेले. आणि घर रिकामं झालं तसा ट्राम्या दारात येऊन बसला. उठेचना. रामकिसन दाराच्या भिंगातून बघायचा तर तपकिरी पाठ दिसायची. पाळीला जायची वेळ व्हायची, बसचा हॉर्न वाजायचा, आणि रामकिसन आत चप्पल घालून उभा असायचा. मग दार किंचित उघडून तो बाहेर काठी आपटायचा. कुत्रं उठून दोन पायऱ्या खाली जायचं आणि तिथून बघत राहायचं. रामकिसन भिंतीला पाठ घासत, जीव मुठीत धरून, त्याच्या शेजारून उतरायचा. खाली पोचेपर्यंत सदरा घामाने भिजलेला असायचा.

एकदा तो पाळीला गेलाच नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं.

दीपिकाचा व्हिडीओ कॉल यायचा. ती आईबद्दल थोडं बोलायची आणि मग विचारायची, "बाबा, ट्राम्याला पाणी ठेवता ना?"

"ठेवतो की."

तो ठेवत नव्हता. भांडं भरायचं तर दार उघडून वाकावं लागतं, आणि वाकलं की तोंड कुत्र्याच्या तोंडासमोर येतं. नळाचं पाणी भरून आणलेला तांब्या त्याने दोनदा दारापर्यंत नेला होता आणि दोन्ही वेळा परत मोरीत ओतला होता.

शेवटी त्याने शेजारच्या भाग्येशला सांगितलं. भाग्येश तिशीतला, कापडाचे रंग बनवणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर होता.

"त्यात काय, काका. लाल पाण्याची बाटली लटकवा. कुत्रं फिरकणार नाही."

"तुझी काकी म्हणायची, कुत्र्याला तांबडं दिसतच नाही."

"काकींचं जाऊ द्या. अख्ख्या बोईसरात लोकांनी लावल्यात, सगळे येडे आहेत का?"

"कुंकू टाकू का पाण्यात?"

"कुंकू खाली बसतं. पाणी पांढरं दिसायला लागतं. आमच्या प्लँटची चिमूटभर पावडर आणतो. एकदा टाकली की वर्षभर लाल."

पावडर आणली. रामकिसनने प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून ती टाकली, आणि पाणी असं काही लाल झालं की त्याला बघवेना. बोटं माखली ती साबणाने निघेनात. रंगाच्या कारखान्यातल्या माणसाला त्याचं नवल नव्हतं. सकाळी पाळीवर निघताना कुत्रं नेमकं दारात नव्हतं, तेव्हा त्याने दाराच्या जाळीला सुतळीने बाटली बांधली. कुत्रं खाली बसतं म्हणून बाटलीही खाली, जवळजवळ फरशीला टेकेल अशी बांधली.

दुपारी तो परत आला तेव्हाही कुत्रं नव्हतं. बाटली लटकत होती. त्याला वाटलं, भाग्येशचं खरं ठरलं. तो जेवला आणि आडवा झाला. उन्हाळ्याचे दिवस होते, बाहेर सिमेंटचा वाफारा सुटला होता.

ओरड्याने त्याला जाग आली.

खालून बायका पोरांना हाका मारत होत्या. एक हाक नव्हे, चारी बाजूंनी, वेगवेगळ्या नावांच्या. "वर ये आधी, वर ये." दारं आपटत होती. तो खिडकीशी गेला. आवाराच्या मधोमध ट्राम्या उभा होता आणि त्याचं तोंड लाल होतं. हनुवटी, छाती, पुढचे दोन्ही पाय, सगळं लाल आणि ओलं. तो मान खाली घालून थुंकल्यासारखं करत होता आणि त्याच्या तोंडातून लाल लाळ गळत होती.

"पिसाळलंय," कोणीतरी ओरडलं. "कोणाला तरी फाडलंय त्यानं."

"कोणाला?"

"बघा आपापली पोरं."

रामकिसन मागे सरला. त्याने खिडकी लावली, दाराची वरची कडी लावली, खालची लावली, आणि पलंगावर येऊन बसला. त्याला गोठ्याशेजारची खोली आठवली. तांब्या आठवला. नर्मदा याच कुत्र्याच्या मानेला हात घालून उभी राहायची हेही आठवलं.

"तेजल," खाली भावना हाक मारत होती. ती तळमजल्यावर राहायची. तेजल तिची दुसरीतली मुलगी. "तेजल गं." तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला. तेजल कुठे दिसत नव्हती.

आणि तेव्हा रामकिसनचं लक्ष दाराकडे गेलं. दाराखालच्या फटीतून लाल ओघळ आत आला होता. फरशीवर हातभर लांब पसरला होता.

त्याच्या मनात एकच गोष्ट आली. पोरगी इथे आली होती. त्याच्या दारात. ती कधीकधी नर्मदाकडे यायची, कुत्र्याशी खेळायला.

दार उघडायला त्याला किती वेळ लागला हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. खालची कडी काढली, मग थांबला, मग वरची काढली. डोळे मिटून दार ओढलं आणि मग डोळे उघडले.

बाहेर कोणी नव्हतं. सुतळी लोंबत होती. बाटली खाली पडली होती, चपटी, दातांनी चावून फाडलेली. तिच्या शेजारी नर्मदाचं ॲल्युमिनियमचं भांडं कलंडून पडलं होतं. आतून कोरडं, तळाला धूळ बसलेली आणि त्या धुळीत जिभेच्या रेघा. लाल पावलं जिन्याने खाली गेली होती.

रामकिसन भांड्याकडे बघत राहिला. ट्राम्याने आधी भांडं चाटलं होतं. मग बाटलीत पाणी हलताना दिसलं असेल.

खिशातला फोन वाजला. भाग्येश होता, कारखान्याच्या बसमधून.

"काका, बायकोचा फोन आला होता. खाली काय चाललंय? बाटली फुटली का?"

"फोडली त्यानं. रंग आहे तो. लोकांना रक्त वाटतंय."

भाग्येश हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही काही बोलू नका. पावडर प्लँटमधून आणलीय हे कळलं तर माझी नोकरी जाईल. तसंही तुम्हाला ते कुत्रं नकोच होतं ना? मारतील आणि मोकळे होतील. तुम्ही दार लावून बसा."

"पोरगी सापडत नाही भावनाची."

"ती सापडेल. काका, ऐका."

रामकिसनने फोन ठेवला. भाग्येश खोटं बोलत नव्हता. दार लावून बसलं तर सगळं आपोआप होणार होतं. कुत्रं जाणार होतं, जिना मोकळा होणार होता. त्याला हेच तर हवं होतं. पण जिभेच्या रेघा समोर होत्या. त्याने खांद्यावरचा टॉवेल मोरीत भिजवला आणि खाली उतरायला लागला. खाली पोचेपर्यंत कठडा सोडला नाही.

खाली पुरुषांनी ट्राम्याला पंपाच्या खोलीच्या आणि कुंपणाच्या मधल्या बोळात कोंडलं होतं. कमलेशच्या हातात लोखंडी सळई होती. वॉचमनकडे बांबू. आणखी तिघाचौघांकडे जे हाताला लागलं ते. कोणी पुढे होत नव्हतं. जो तो दुसऱ्याला म्हणत होता, "तू त्या बाजूने हो." बोळातून घुरघुर येत होती.

"डोक्यात घाल एकदाच," मागून एक बाई म्हणाली. "हाल नको करू."

"कमलेश," रामकिसन म्हणाला. कोणी वळून बघितलं नाही. त्याने परत हाक मारली. "कमलेश, तो रंग आहे."

"काय?"

"रंग आहे. रक्त नाही. माझ्या दाराला बाटली बांधली होती लाल पाण्याची. ती फोडली त्यानं. वर जाऊन बघ, दारात सगळा सडा पडलाय."

"काका, तेजल सापडत नाहीये आणि तुम्ही रंगाचं सांगताय?" कमलेशचा चेहरा पांढरा पडला होता. "कशावरून रंग?"

"माझे हात बघ." त्याने बोटं दाखवली.

"तुमचे हात तीस वर्षं लालच आहेत. इथे कोणाचे नाहीत?"

हे खरं होतं. कोणाचे निळे, कोणाचे पिवळे.

"मग पुसून दाखवतो," रामकिसन म्हणाला.

कोणीतरी फसकन हसलं. "ढगेकाका? कुत्र्याला हात लावणार? अहो, तुम्ही मांजराला वाट देता."

रामकिसन ओला टॉवेल घेऊन पुढे निघाला. सगळे बाजूला झाले. बोळ अरुंद होता, आत शिरलं की पळायला जागा नव्हती. ट्राम्या भिंतीला चिकटून उभा होता, शेपूट पोटाखाली, ओठ वर ओढलेले. दात लाल होते. रामकिसन दोन पावलं आत गेला आणि थांबला. पुढचं पाऊल उचलेना. हात आपोआप बेंबीवर गेला, लहानपणी इंजेक्शनं दिली होती तिथे. नर्मदा काय म्हणून हाक मारायची ते त्याने रोज ऐकलं होतं, पण आता ते आठवेना. तो खाली उकिडवा बसला, कारण उभं राहवत नव्हतं.

"जावा आता," तो पुटपुटला. दुसरं काही सुचलंच नाही. "धरलंय मी. जावा आता."

ट्राम्याचे कान हलले. घुरघुर थांबली. तो पोट घासत पुढे आला आणि त्याने रामकिसनच्या हातातल्या टॉवेलचं टोक तोंडात धरलं. रामकिसनला वाटलं, आता चावलं. डोळे आपोआप मिटले. पण कुत्रं टॉवेलमधलं पाणी चोखत होतं. चटचट आवाज करत चोखत होतं. रामकिसनने डोळे न उघडताच दुसऱ्या टोकाने त्याची हनुवटी पुसली, छाती पुसली, आणि हात मागे करून टॉवेल लोकांना दाखवला.

कमलेशने टॉवेल घेतला. उजेडात धरला. वास घेतला. इतका वेळ उन्हात राहून रक्त असं लालभडक राहत नाही, आणि त्याला असा वासही येत नाही. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने तो वास कधी ना कधी घरी कपड्यांतून आणला होता.

"च्यायला," कमलेश म्हणाला, "हा तर आपल्याचकडचा माल."

तेवढ्यात सी विंगच्या गच्चीवरून तेजलचा आवाज आला. ती तिथे मैत्रिणीबरोबर पापड राखत बसली होती आणि खालची पळापळ मजेत बघत होती. भावना जिने चढत वर गेली. आधी एक चापट ऐकू आली आणि मग दोघींचं रडणं.

सळई खाली आली. पण रामकिसनला सुटल्यासारखं वाटलं नाही, कारण ट्राम्या त्याच्या पायाशी ओकला. लाल, फेसाळ. मग परत ओकला आणि आडवा झाला.

"पोटात गेलाय रंग," वॉचमन म्हणाला. "बचेगा नहीं ये."

रामकिसन धावत वर गेला. पैसे कुठे आहेत ते सुचेना, म्हणून खुंटीवरची नर्मदाची पिशवी तशीच उचलली. ती दवाखान्यातून आणली होती तशीच होती. खाली कमलेशने कुत्र्याला पोत्यावर घेऊन गेटबाहेर आणलं होतं. रिक्षा स्टँडवर तीन रिक्षा उभ्या होत्या.

"कुत्ता नहीं, अंकल. सीट खराब होगा."

"सीटचे पैसे देतो."

"पैसे की बात नहीं. लाल पानी देख के दुसरी सवारी नहीं बैठेगी."

दुसऱ्याने नुसती मान हलवली. तिसरा रिक्षा चालू करून निघून गेला. नर्मदा सांगायची, व्हिएन्नात कोणी अडवत नाही, फक्त जाळी लावा म्हणतात. इथे जाळी कोण विचारतो. रामकिसन रस्त्यावर हात करत राहिला आणि मोटारी जात राहिल्या.

मासे विकून परत निघालेला एक टेम्पो थांबला. पुढे साखरबाई बसली होती. मुरबे गावची कोळीण, सोसायटीत मासळी घेऊन यायची. नर्मदा तिच्याकडून बोंबील घ्यायची आणि डोकी ट्राम्यासाठी मागून घ्यायची.

"काय रं भाऊ, काय झालं त्याला?"

"रंग प्यायलाय. पालघरला न्यायचंय, जनावरांच्या डॉक्टरकडे."

"मंग चढ की मागं. टेम्पो माज्या जावयाचा हाय, त्याला काय इचारायचं नाय. पालघरवरनं जाऊ."

"टेम्पो खराब होईल."

"मासलीच्या टेम्पोला कुत्र्यानं काय घान होनार हाय? आमच्या मुरब्याला कुत्र्याला कोन अडवत नाय. अर्धी मासली राखतान, अर्धी खातान."

ट्राम्याला उचलायला कमलेश वाकला, पण टेम्पोचं फळकुट खाली आलेलं दिसताच कुत्रं धडपडत उठलं आणि स्वतःच चढलं. चढून कोपऱ्यात बसलं, पिल्लू असताना रिक्षात बसायचं तसं. रामकिसन त्याच्यामागून चढला.

पालघरपर्यंत तो रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून राहिला. कुत्रं आणि तो, मागे दुसरं कोणी नाही. खड्डा आला की दोघंही एका बाजूला सरकायचे आणि रामकिसन पाय आखडून घ्यायचा. कुत्रं मेलं तर काय, याची भीती होती. मेलं नाही आणि उठून चावलं तर काय, याचीही होती. दोन्ही एकाच वेळी वाटत होत्या, आणि कोणती मोठी हे त्याला कळत नव्हतं. उमरोळीच्या पुढे ट्राम्याने मान त्याच्या चपलेवर ठेवली. रामकिसनने पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

दवाखान्यात डॉक्टर अर्चना म्हणून होत्या. त्यांनी विचारलं, रंग कोणता? रामकिसनला माहीत नव्हतं. त्याने भाग्येशला फोन लावला आणि म्हणाला, "तुझं नाव मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणार नाही. फक्त पावडरीचं नाव सांग." भाग्येशने सांगितलं. फोनवर तो रडत होता. डॉक्टरांनी नाव लिहून घेतलं, कोणाला तरी विचारलं, मग कुत्र्याच्या तोंडाला पट्टी बांधून सलाईन लावलं आणि म्हणाल्या, "बरंचसं ओकून गेलंय. आज-उद्या बघावं लागेल."

मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या पिशवीकडे गेलं.

"ही पिशवी... एक बाई आल्या होत्या. रस्त्यावरच्या कुत्र्याला रेबीजची लस द्यायचीय म्हणून. मी म्हटलं, कुत्र्याला घेऊन या. तर म्हणाल्या, रिक्षावाले घेत नाहीत, काहीतरी करते. गळ्यात पट्टा घाला म्हटलं, म्हणजे लोक त्याला कोणाचा तरी समजतील. समोरच्या दुकानातून घेतला त्यांनी. परत आल्याच नाहीत."

"माझी बायको," रामकिसन म्हणाला. "इथून निघाली ती स्टँडपर्यंतच गेली."

त्याने पिशवीतून पट्टा काढला. कागद काढला. ट्राम्या निपचित पडला होता, तोंड बांधलेलं होतं, याहून सोपी वेळ येणार नव्हती. त्याने पट्टा उघडला आणि मानेपर्यंत नेला. पट्टा घालायचा तर दोन्ही हात मानेभोवती न्यायला लागतात आणि चेहरा पुढे आणावा लागतो. त्याचे हात तिथेच अडले.

"मी घालू का?" साखरबाई म्हणाली. ती अजून गेली नव्हती.

"नको," तो म्हणाला. "मी घालतो. नंतर."

ट्राम्या जगला. त्याची हनुवटी गुलाबीच राहिली. कमलेश त्याला बघून म्हणतो, "काय रे, होळी उतरली नाही का अजून?" पाटी मात्र काढलेली नाही. पुढच्या मीटिंगला बघू, म्हणतो. भावनाने तेजलला अजून त्याच्याजवळ जाऊ दिलेलं नाही. बाकीच्या दारांवरच्या लाल बाटल्या तशाच आहेत, फक्त आता उंच बांधल्यात. भाग्येशच्या दारावर नाही.

रामकिसन सकाळी दार उघडतो, कुत्रं बाहेर असताना उघडतो. भांडं भरतो. भरताना एक हात चौकटीला धरलेला असतो. दीपिकाने विचारलं तेव्हा त्याने फोन भांड्याकडे फिरवला. ती तिकडून म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याच्या किती लांब उभे आहात," आणि दोघंही थोडे हसले.

पट्टा दाराच्या खुंटीला टांगलेला आहे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, बरा झाला की पट्टा घालून घेऊन या, लस देऊ. रामकिसन रोज पट्टा हातात घेतो आणि परत टांगतो. पट्टा घालायचा राहिला आहे. लसही राहिली आहे.